मास्तरांच्या हिरडीतला दोरा

—जीभ लावू नका तिथे. अहो ताई, तुम्हालाच म्हणतेय. मघापासून बघतेय, चाचपताय आपल्या. औषधाचा दोराच बसवलाय ना हिरडीत? मग राहू दे सुखानं दहा दिवस. मी? मी पेशंट नाही हो, आमच्या समोरच्या मास्तरांच्या मुलासोबत आलेय. आत आवाज चढलाय ना—तोच तो.

मास्तर एकटेच राहतात. किल्ली माझ्याकडे. जेवले का, शुगरची गोळी घेतली का, बनियन उलटा घातलाय का—सगळं मीच बघते. आमचे हे म्हणतात, तुला दुसऱ्याच्या घरात नाक खुपसल्याशिवाय अन्न पचत नाही. असेल. पण दाढेशी हिरडी टम्म सुजली, तर मास्तर मला न सांगता परस्पर इथे आले! राग आलाच मला, खोटं कशाला बोलू? डॉक्टरांनी पू काढला, आतून धुतलं, आणि औषधाचा दोरा दाताभोवतीच्या फटीत दाबून बसवला. जंतू मारायच्या गोळ्या पोटातून त्यांना सोसत नाहीत, म्हणून औषध दुखण्याच्या जागीच. हे आत्ता कळलंय हं मला. तेव्हा कुठे?

तेव्हा मी तिसऱ्या दिवशी म्हटलं, आ करा बघू. बॅटरी मारली, तर पिवळसर काहीतरी लोंबतंय. म्हटलं, घ्या! भाजीची शीर अडकलीय, सूज उतरणार कशी? भुवयांचा चिमटा आणला, उकळत्या पाण्यातून काढला—स्वच्छतेत माझा हात कुणी धरणार नाही—आणि ओढला. आला की बोटभर. मास्तर काहीतरी सांगत होते, पण हनुवटी माझ्या मुठीत. मी म्हटलं, गप बसा, झालंच.

मग चूळ भरून म्हणाले, "वहिनी, ते औषध होतं बहुतेक." बहुतेक! मी लगेच म्हटलं, चला डॉक्टरांकडे… नाही. नाही म्हटलं. म्हटलं, सूज उतरेल की आता, कशाला उगाच? लाज वाटली हो. आणि मास्तर म्हणतात कसे, "राहू दे, तुम्हाला बोलतील."

दोन दिवसांत सूज मानेपर्यंत पसरली. आता मोठ्या दवाखान्यात आहेत, गळ्यात नळी, बोलणं बंद. मुलानं वही पुढे केली—बाबा, दोरा निघाला कसा? मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मग लिहिलं—आपोआप.

म्हणून हा डॉक्टरांना धरून बसलाय. नीट बसवलाच नाहीत म्हणे, तक्रार करतो, दवाखान्याला कुलूप लावतो. आणि मी इथे बसलेय. रडू नाही, धडधड नाही, काही नाही. तुमचा भूल दिलेला ओठ आहे ना आत्ता—चावला तरी कळायचं नाही—तशी मी सगळीच्या सगळी. तो दोरा आहे माझ्याकडे. ह्या पिशवीत, कागदाच्या पुडीत. डॉक्टरांना दाखवायलाच आणलाय. दार उघडलं की उठायचं आणि सरळ—

आलास? काय म्हणाले?… कुठे काय, ह्या ताईंना सांगत होते, दोऱ्याला हात लावू नका म्हणून. चल. अरे, पिशवी नको घेऊस. जड नाहीये. माझी मीच धरते.