लांडगे मारायचं काम

वकिलाच्या खोलीबाहेर शिंपीणबाई आपल्या नंबराची वाट बघत होत्या. शेजारी घटस्फोटाच्या सह्यांसाठी आलेलं जोडपं बसलं होतं. बाईंना दुसऱ्याचं ऐकायची खोड नव्हती, पण बाक एकच. कान काय शिवून टाकायचे?

“नवा गेम घेतलाय. यात हिरोची ताकद वाढवायला तेच तेच लांडगे मारत बसावं लागत नाही. गोष्ट आपली पुढे सरकत राहते.”

“तू कधी मारलेस लांडगे?”

“म्हणजे?”

“तू झोपायचास, मी मारायचे. हिरो तगडा झाला की तुला उठवायचे. मग पुढची गोष्ट तू खेळायचास.”

“तुला आवडायचं की ते!”

“बोटं दुखायची माझी.”

“मग बोलायचंस ना.”

“बोलले होते. तू म्हणालास, एवढे मार, मग मिळून खेळू.”

“आता जुनं कशाला उकरतेस? नव्यात ती कटकटच नाही, सांगितलं ना.”

“ऐकलं. तुझी सोय झाली.”

आतून हाक आली. तो उठला.

“एक सांग. त्या जुन्या गेमचा शेवट काय होता? मी पाहिलाच नाही.”

“नीट आठवत नाही गं. फार सोपा गेला.”