पहिल्या पाटीवरची नावं

मोनिका : काका, तीनशे बारा नावं, आणि प्रत्येक नावावर वेगळी फुलं पडतायत. लॅपटॉप चार जीबी रॅमचा आहे. हँग नाही होणार तर काय होणार?

रंगनाथ : गुलाबाची फुलं हायेत. लग्नात शोभत्यात.

मोनिका : शोभतात. पण ती सगळी त्याला एकदम धरून ठेवावी लागतात. एकेचाळिसाव्या मिनिटाला त्याचा दम संपतो.

सत्यशीला : मी ह्यांना तेच म्हनलं. म्हनलं, आपल्या ज्ञानेश्वरीच्या लग्नाचा पिच्चर हाय का मतदारयादी?

रंगनाथ : लग्नाला आलेल्या एकाचंबी नाव राहता कामा न्हाई. मोनिका, तू क्लासमधी पोरांना हेच शिकवतीस ना? मग कर की काहीतरी.

मोनिका : करते. आधी मला सांगा, मागं हे काय चालू आहे?

रंगनाथ : कांद्याचे बाजारभाव.

मोनिका : आणि हे?

सत्यशीला : कीर्तन. ते माझं हाय. मधेच बंद करू नको, अर्ध्यात हाय.

मोनिका : दोन्ही बंद करते, काकू. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा समजा. सगळी भांडी ओट्यावर मांडली तर भाकरी कुठं थापणार?

सत्यशीला : मी तर खाली बसून थापते.

मोनिका : फुलं काढली. नावांच्या दहा-दहाच्या पाट्या केल्या, एका पाटीचं एक चित्र. आता बघा, लावते... चाललंय... परत एकेचाळिसाव्या मिनिटालाच अडकलं. ही एक फाईल आहे, 'गेट' नावाची. दोन तास दहा मिनिटं. सगळ्यात जड हीच आहे. काढू का?

रंगनाथ : ती काढायची न्हाई.

मोनिका : काका, जेवढी चालली तेवढ्यात लग्न नाहीच. नुसती मांडवाची कमान. पाहुणे आत जातात, आणि एक कुत्रं दोनदा येऊन गेलंय.

रंगनाथ : असू दे कुत्रं.

सत्यशीला : सांगा की तिला. न्हाईतर मी सांगते. पोरी, माझा भाऊ सुनील, कर्जतला असतो. ज्ञानेश्वरीचा सख्खा मामा. तो लग्नात दिसलाच न्हाई. नवरीच्या मागं मामा म्हनून चुलतभाऊ उभा करावा लागला. पत्रिकेत सुनीलचं नाव न्हवतं.

मोनिका : छापायचं राहिलं?

रंगनाथ : राहिलं न्हाई. मीच काढलं. प्रेसवाल्याचा फोन आला, म्हनला एक ओळ जास्त होतीय, कुनाचं तरी काढा. आता कुनाचं काढू? चुलत्याचं काढलं तर चुलता रुसतो. व्याह्याच्या साडूचं काढलं तर पोरीला सासरी ऐकावं लागतं. म्हनलं, सुनीलचं काढा. तो घरचाच हाय, तो कशाला रुसतोय.

सत्यशीला : सहा महिने झालं, माझा फोन उचलत न्हाई.

रंगनाथ : मला तरी वाटलं, येईल. म्हनून दुसरा कॅमेरेवाला कमानीसमोर उभा केला. म्हनलं, मेव्हना आल्याबरोबर त्याला घ्यायचा. तवर काय बी झालं तरी हलायचं न्हाई. गडी जेवायलाबी हलला न्हाई.

मोनिका : मग ही फाईल नुसती लावून बघायची.

रंगनाथ : लावली. आवाज म्होरं पळतो, चित्र जागच्या जागी. मोबाईलमधी मावत न्हाई.

सत्यशीला : परवा भाऊबीज हाय. मी ह्यांना सांगून ठेवलंय, तो कमानीपर्यंत आलेला दिसला तर मी कर्जतला जाईन. आलाच नसंल तर न्हाई जायची. मलाबी लागलंय ते.

मोनिका : मग हिची एक हलकी कॉपी करते. चित्र पुसट दिसेल, पण माणूस ओळखू येईल. अर्धा तास लागेल.

सत्यशीला : तवर च्या टाकते.

(अर्ध्या तासानं. तिघं लॅपटॉपसमोर.)

मोनिका : एकेचाळीस... गेलं पुढं.

रंगनाथ : हळू. पळवू नको.

मोनिका : मंगलाष्टकं सुरू झाली. कमानीत कुणीच नाही. सगळे आत गेले.

सत्यशीला : बास झालं. बंद कर.

रंगनाथ : थांब. ती मोटारसायकल बघ.

मोनिका : फेटेवाला आहे कुणीतरी. गाडीवरून उतरला. आत येत नाहीये, खांबापाशीच उभा राहिलाय.

सत्यशीला : सुनील हाय. फेटा त्यानं सोताच बांधलाय. डावीकडं कलतो त्याचा.

मोनिका : खिशातून काहीतरी काढतोय.

रंगनाथ : अक्षता. घरनं आनल्यात.

मोनिका : आतून 'सावधान' ऐकू आलं की टाकतोय. स्टेज लांब आहे, सगळ्या कमानीखालीच पडतायत.

सत्यशीला : पडू दे. पोरीच्या दिशेनं टाकतोय.

मोनिका : वाजंत्री वाजली. गाडीला किक मारली. गेला.

रंगनाथ : कॅमेरेवाल्यानं मला येऊन सांगायचं तरी.

मोनिका : तुम्ही हलू नको म्हणालात, काका.

सत्यशीला : मी परवा सकाळच्या एस्टीनं जाते. मोनिका, तेवढा तुकडा पिच्चरमधी घाल, मंगलाष्टकाच्या मधी. आन् त्याचं नाव टाक. पहिल्या पाटीवर.

मोनिका : पहिल्या पाटीवर दहा नावं झालीत, काकू. अकरावं टाकलं तर खाली अर्धं कापलं जातं. शेवटच्या पाटीवर दोनच आहेत, तिथं टाकते.

सत्यशीला : शेवटी न्हाई टाकायचं.

मोनिका : मग पहिल्यातलं एक काढावं लागेल. कुणाचं काढू?

रंगनाथ : माझं काढ. मी घरचाच हाय.