कार्डाचा भाव

(सुपरमार्केटचा काउंटर. मागे रांग.)

कॅशियर : नंबर बरोबर आहे हो ताई, पण नुसता नंबर सांगून आता सवलतीचं कार्ड लागत नाही. त्या फोनवर कोड गेलाय, तो सांगा.

सून : कोड कसला? मागच्या आठवड्यात तर नंबर सांगितला आणि काम झालं.

कॅशियर : एक तारखेपासून बदललंय. लोक एकमेकांचे नंबर सांगून सवलत घ्यायचे, ते कंपनीच्या डोळ्यांत खुपलं.

सून : तो फोन माझ्याकडे नाही. नवऱ्याचा नंबर आहे.

कॅशियर : मग करा की त्यांना फोन. सांगतील.

सून : नको. कार्ड नाही लावलं तर किती होतात?

कॅशियर : बघा पडद्यावर.

सून : एवढे? नुसत्या दूधपावडरच्या डब्याला एवढा फरक?

कॅशियर : त्यालाच सगळ्यात जास्त. तुम्हाला म्हणून सांगते, आत्ताचा कार्डाचा भाव आहे ना, तो मागच्या उन्हाळ्यात सगळ्यांचा भाव होता. आधी वर नेला आणि मग कार्डवाल्यांना उतरवून दिला, की झाली सवलत.

सासू : बाळाच्या दुधावर नफा खाता होय गं?

कॅशियर : मी कुठली खातेय आजी? यंदा कंपनीला म्हणे कधी झाला नव्हता एवढा नफा झाला. आम्हाला काय मिळालं माहितीय? एकेक मग. वर कंपनीचं नाव छापलेला.

सासू : रिकामाच?

कॅशियर : रिकामाच.

सून : ताई, तुमचं स्वतःचं कार्ड लावता का? एवढ्या डब्यापुरतं. पाया पडते.

कॅशियर : पूर्वी लावायचो आम्ही सगळ्याच. शेजारच्या काउंटरवरच्या मुलीला त्यावरून घरी बसवलं. वर कॅमेरा आहे. बघू नका वर.

सून : पोरगी शेजारणीकडे रडतेय हो. सकाळपासून दूध पातळ करून पाजतेय मी. मघाशी तर पांढरं पाणीच होतं नुसतं.

सासू : थांब. मी फोन लावते त्याला.

सून : कोणाला? लागत नाही म्हणता ना त्याचा फोन? घर सोडून गेला तेव्हापासून लागत नाही म्हणून तुम्हीच सांगता.

सासू : लावून बघते गं. लागला तर लागला.

कॅशियर : लवकर करा आजी, मागचे लोक कुरकुरतायत.

सासू (फोनवर) : हं, मीच. नाही, गुडघा बरा आहे, गोळ्या घेतेय. अरे ऐक आधी. तुझ्या फोनवर दुकानाचे आकडे आलेत बघ आत्ता. हो, शेजारीच आहे ती. ते नंतर बोलू, आकडे सांग. चार... सात... परत सात... एक. बरं. ठेव.

सून : पहिल्या रिंगला उचलला.

सासू : आधी आकडे घालू दे त्यांना. चार, सात, सात, एक.

सून : गुडघ्याचंही माहितीय त्याला.

कॅशियर : लागला कोड. तेलाचे कमी झाले. साबणाचेही झाले. डब्याला नाही लागत.

सून : का?

कॅशियर : एका कार्डावर दिवसाला एकच डबा आहे ताई. आजचा गेलाय.

सून : काहीतरी चुकतंय. आम्ही कुठे घेतला?

कॅशियर : चुकत नाही. हे बघा, आज सकाळी, दुसऱ्या शाखेतून. एक नंबरचा.

सून : एक नंबरचा म्हणजे तान्ह्या बाळाचा. आमची वर्षाची व्हायला आली. ती दोन नंबरचा पिते.

कॅशियर : सवलत दोन्हींना मिळून एकच असते.

सून : आई. माझ्याकडे बघा. केवढं आहे?

सासू : इथे नको गं. घरी गेल्यावर सांगते.

सून : इथेच सांगा. घरी ती रडत असेल, मला काही ऐकू येणार नाही.

सासू : दोन महिन्यांचा. मुलगा आहे.

सून : बघून आलात?

सासू : एकदाच. दवाखान्यात जाते म्हणाले होते ना, तेव्हा.

सून : मी रिक्षाचे पैसे दिले होते तुम्हाला. चालवणार नाही म्हणून दिले होते.

सासू : जाताना चालतच गेले. ते पैसे पोरीच्या औषधात घातले.

सून : आणि मी काय समजत होते? की आपल्या दोघींना टाकून गेलाय तो. रात्री तुम्ही रडायचात, मी तुमची समजूत काढायचे. माझी अक्कल कुठे गेली होती?

सासू : ते रडणं खोटं नव्हतं. जोड्याने मारावासा वाटतो मला तो. पण फोन वाजला की हात जातोच. पोटचा आहे गं.

सून : मला सांगायचंत.

सासू : सांगितलं असतं तर ठेवलं असतंस मला? त्याला विचारलं होतं मी, ने म्हणून. जागा नाही म्हणाला. मग तूही दार लावलं असतंस तर या वयात मी कुठल्या पायरीवर बसणार होते?

कॅशियर : ताई, कानावर पडतंय म्हणून वाईट वाटतंय हो. पण रांग दारापर्यंत गेलीय. काय करू, बिल रद्द?

सून : नाही. तेल काढा. साबण काढा.

सासू : माझं मलम काढ.

सून : काढा. पीठही काढा. पूर्ण भावाने एकटा डबा एवढ्या पैशांत बसतोय का?

कॅशियर : बसतोय. पण पीठसुद्धा...

सून : खाणार काय ते आत्ता विचारू नका. कोणीच विचारू नका मला.

कॅशियर : झालं. हा घ्या डबा. आणि रागावू नका, प्रत्येकाला विचारावंच लागतं मला. तुमच्या नावाने नवीन कार्ड करायचंय? पैसे पडत नाहीत. भाव मात्र उद्यापासून लागेल.

सून : आजच्या भुकेला नाही लागणार.

कॅशियर : नाही हो. माझ्या हातात असतं तर...

सून : तुमच्या हातात तो रिकामा मग आहे, माहितीय. करा कार्ड. हा माझा नंबर.

कॅशियर : घरात माणसं किती? त्यावरून सवलती पाठवतात.

सासू : दोन सांग. मी माझं बघेन काहीतरी.

कॅशियर : दोन लिहू?

सून : तीन लिहा. यांच्याशी मी बरेच दिवस बोलणार नाही. पण तीन लिहा.