मावशी, तुम्ही घरी येऊ नका

आम्ही मूळचे कणकवलीकडचे, पण माझा जन्म इथलाच, कांदिवलीचा. बाबा रंगाच्या कंपनीत होते, आई पापड लाटायची, आणि मी सातवीला शाळा सोडली, म्हणजे मी नाय सोडली, आई आजारी पडली म्हणून सुटली. मग लग्न झालं. मालाडला दिलं. नवरा टेम्पो चालवायचा, माणूस वाईट नव्हता हो, उगाच का बोलू, मेलेल्या माणसाबद्दल. पहिला मुलगा झाला, ओंकार. गोरा, घाऱ्या डोळ्यांचा, सासू बोलायची हा आमच्या मामंजींवर गेला.

सात-आठ महिन्यांचा झाला आणि त्याच्या तोंडात पांढरं पांढरं यायला लागलं, जुलाब थांबेनात. हॉस्पिटलात नेला तर डॉक्टरीणबाईंनी आधी माझंच रक्त घेतलं. मी बोलले, अहो आजारी पोरगा आहे, माझं कशाला घेता? मग कळलं कशाला ते. मला एचआयव्ही आहे, नवऱ्याला आहे. आणि पोराला? तर त्या बोलल्या, आत्ता नाय सांगता येणार, बाळाच्या रक्तात आईची खूण असते, दीड वर्षाचा होऊ दे, मग खरं कळेल. तेव्हा आमच्यासारख्यांना तेवढीच टेस्ट मिळायची. ओंकार दीड वर्षाचा झालाच नाय. वर्षाचा वाढदिवस पण नाय बघितला त्याने. काय सांगू तुम्हाला, आमच्या लेकराला काय झालं होतं ते कागदावर कोणी लिहिलंच नाय कधी.

मुलीच्या वेळी मात्र गोळ्या मिळाल्या आणि ती निगेटिव्ह निघाली. कॉलेजला आहे आता. नवरा ती लहान असतानाच गेला. मी परत कांदिवलीला आईच्या खोलीत आले, आणि पालिकेच्या हॉस्पिटलातल्या मॅडमनी मला विचारलं, तू आमच्या बायांशी बोलशील का? बोलायचं म्हणजे काय, तर जी बाई नुकतंच कळल्यामुळे भिंतीकडे बघत बसलेली असते ना, तिच्या बाजूला जाऊन बसायचं आणि सांगायचं, मला पण आहे, मी जेवते, झोपते, माझी पोरगी शाळेत जाते. डॉक्टर बोलला तर ती मान हलवते. मी बोलले की रडते. तेच माझं काम, अजून तेच करते.

आणि लपवायचं नाय असं मी ठरवलं होतं. बोरीवलीला एका महिला मंडळाने बोलावलं तर मी माइक घेऊन उभी राहिले आणि सांगितलं, मी पॉझिटिव्ह आहे, बघा, तुमच्यासमोर उभी आहे. टाळ्या वाजवल्या बायांनी. मला किती बरं वाटलं तेव्हा. तेच पुढे आडवं आलं.

आमच्या गल्लीत एक मुलगी होती. तिचं नाव नम्रता लिहा, खरं नको. आमची शेजारीण सुलभा, तिची मुलगी. सुलभा कामाला जायची तेव्हा ही माझ्याकडे असायची, तिच्या वेण्या मी घालायचे, उवा मी काढायचे. लग्न होऊन बोरीवलीला गेली. आणि एक दिवस बघते तर पोटुशी बाई हातात कागद घेऊन हॉस्पिटलातल्या आमच्या खोलीच्या दारात, आणि ती नम्रता. मला बघितलं आणि वळली. मी जिन्यापर्यंत मागे धावले. तर ती भिंतीला टेकून मला बोलते, मावशी, तुम्ही मला ओळखत नाय. हात जोडते. आईला सांगू नका. मी बोलले, नाय सांगणार गं, बाय माझे, तुझ्या पोराची शपथ.

घरी यायचं नाय हे पण तिनेच सांगितलं. तिची सासू त्याच मंडळाची. तिने मला माइकवर ऐकलेलं. नम्रता बोलली, तुम्ही आमच्या दारात उभ्या राहिलात तर मला तोंड उघडायला पण नको, सगळी सोसायटी समजेल. खरंच होतं ते. मग आम्ही भाजी मार्केटात भेटायचो. ती भेंडी निवडायची, मी बाजूला उभी राहून गवार निवडायचे, आणि भाजीकडे बघत बघत बोलायचं. गोळ्या घेतेस ना? घेते. नवऱ्याला सांगितलंस? सांगितलं, त्याची पण टेस्ट झाली, तो चांगला आहे मावशी, पण आईसमोर त्याची जीभ उचलत नाय. भाजीवाली आम्हाला बोलायची, अगं बायांनो, घेणार आहात की नुसती चिवडणार?

बाळंतपण सुखरूप झालं. मुलगा, विहान. बाळाला लागू नये म्हणून द्यायचं औषध तिने सासूला ग्राइप वॉटर सांगून पाजलं. मी तिला समजावलं होतं, आता पूर्वीसारखं नाय, बाळ दीड महिन्याचं झालं की टाचेला सुई टोचून रक्ताचे थेंब कार्डावर घेतात, लवकर कळतं, काय निघालं तर लगेच औषध सुरू होतं, पोर जगतं. फक्त तू घेऊन ये. हो मावशी, येते.

ती आली नाय. फोन केला तर हळू आवाजात बोलली, सासू गावाला घेऊन चाललीय, कुलदेवतेला बाळ दाखवायचं, नाय म्हणू शकत नाय. मी बोलले, आज ये, आत्ता ये, निघायच्या आधी ये. तर पाठीमागून सासूचा आवाज आला, कोणाचा गं फोन? आणि कट झाला. त्याच्यानंतर फोन बंद.

मी त्या सोसायटीच्या गेटपर्यंत गेले होते. हे मी मॅडम सोडून कोणाला सांगितलं नाय. वॉचमन बोलला, कुठल्या फ्लॅटमध्ये जायचंय? नाव लिहा. मी तिथेच उभी. नाव काय लिहू? तिला शब्द दिलेला. आणि समजा गेले असते, आणि तिला पोरासकट बाहेर काढली असती तर? परत फिरले. ते बरोबर होतं की नव्हतं, मला अजून नाय कळत. मॅडम बोलतात तुझं बरोबर होतं. बोलू दे.

गावाला ते खूप राहिले. गोळ्या संपल्या तिच्या, आणायला जाणार कुठे, बाजूला सासू. अंगावर पाजतच होती, आणि गोळी बंद झाली की दुधातून पोराला लागू शकतं, वरून गाईचं दूध पण सुरू केलेलं. परत आले तेव्हा पोराला न्यूमोनिया झालेला, थेट मोठ्या हॉस्पिटलात. तिथे टेस्ट झाली, पॉझिटिव्ह, औषध सुरू केलं, पण तोपर्यंत त्याच्या अंगात काय उरलं नव्हतं. गेला विहान.

सुलभाकडे बाया बसायला आल्या, मी पण गेले. नम्रता कोपऱ्यात, दूध भरून आलेलं, ब्लाउज ओला. माझ्याकडे बघेना. आणि सुलभा माझा हात धरून रडते आणि काय बोलते, अगो, तू तर रोज हॉस्पिटलात असतेस, तुला आधी सांगितलं असतं तर तू चांगला डॉक्टर दाखवला असतास गो, आमच्याच डोक्यात नाय आलं. तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. शब्द दिलेला ना.

ओंकार गेला तेव्हा मी देवाला बोल लावला, टेस्ट नव्हती, काय करणार. आता टेस्ट आहे, औषध आहे, फुकट आहे सगळं, आणि पोराची टाच काय तिथपर्यंत पोचली नाय. आता कोणाला बोल लावू?

नम्रता गोळ्या घ्यायला येते अजून. शेवटच्या खुर्चीवर बसते, माझ्याशी बोलत नाय. मी पण नाय बोलवत. येते ना, बस झालं. नवीन बायांना मी आता पहिल्याच दिवशी विचारते, तुझ्या घरात तुझ्या बाजूने कोण उभं राहील? एकाचं तरी नाव सांग, आपण दोघी मिळून त्याला सांगू. काहीजणी सांगतात. काहीजणी नुसत्या बघत राहतात.

परवा एकीचं बाळ आलेलं टेस्टला, टाचेला सुई लागली तसं असं ओरडलं की बाहेरच्या बाया आत डोकावल्या. आईने तोंड फिरवलेलं. मी बाळाचा पाय धरून होते. बोलले, रड बाबा, रड. अजून मोठ्याने रड.