डोळ्यांवरचे डॉलर

डार्लीन : पण आईचं पत्र ऑक्टोबरातच आलं होतं ना, वेंडेलमामा? मग उत्तर?

वेंडेल : लिहायचो आणि फाडायचो. "आपले चांदीचे डॉलर ग्रेडिंगला, दर्जा ठरवून घ्यायला पाठवू का?" एवढंच विचारलं होतं कोरालीनं. मला 'नको' म्हणायचं होतं. कारण सांगायची लाज वाटली.

डार्लीन : तुमचा जन्म लायब्ररीत गेला, आणि एक शब्द सापडला नाही! वाट बघून तिनं एक पाठवला शेवटी.

वेंडेल : आणि तो परत यायच्या आत गेली.

डार्लीन : हा बघा, काल आला. डबीत सीलबंद, वर दर्जाचा आकडा. तुमच्याकडचा दुसराही पाठवू. जोडीला भाव येईल, आईच्या घराचं छप्पर होईल.

वेंडेल : इतका वरचा दर्जा? शक्यच नाही.

डार्लीन : तज्ज्ञांपेक्षा तुम्हाला जास्त कळतं?

वेंडेल : अगं, घरात माणूस गेलं की हे दोन डॉलर डोळ्यांवर ठेवायचे. पापण्या बसल्या की काढायचे आणि सोड्यानं घासायचे. तीन पिढ्या घासलेत. घासलेलं नाणं हे लोक हातात धरत नाहीत. ह्या नाण्यावर कोरलेल्या बाईचा डोळा झिजून सपाट झाला होता.

डार्लीन : काहीतरीच! चांगला टक्क उघडा आहे.

वेंडेल : आता माझ्याकडचा बघ.

डार्लीन : ह्याच्यावर... डोळाच नाही.

वेंडेल : कोराली गेली तेव्हा एकच होता. दुसऱ्या डोळ्याचं काय केलंस?

डार्लीन : क्वार्टर ठेवला, साधा पंचवीस सेंटचा. सारखा घसरायचा. शेवटी तसंच शवपेटीचं झाकण लावलं.

वेंडेल : फोड ती डबी.

डार्लीन : दर्जा जाईल, मामा! पैसे जातील. छप्पर?

वेंडेल : माझी पुस्तकं वीक. माझ्या वेळी दोन्ही लागतील मला. उघड्या डोळ्यानं पडून राहायचं नाही गं.

डार्लीन : ...हातोडी कुठं आहे?

(नंतर. फाटकाजवळच्या टपालपेटीचं झाकण वाजतं.)

डार्लीन : काय लिहिलंत?

वेंडेल : 'नको.' आणि कारण.

डार्लीन : पण पाकिटावर आईचं नाव होतं, मामा. आता कोण वाचणार ते?

वेंडेल : एक डोळा उघडा आहे ना तिचा.