‘स्वच्छ होऊन या’ एवढंच आम्ही सांगत होतो

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे संचालक माननीय प्यो साहेब, व्यासपीठावरचे सर्व विभागप्रमुख, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो आहोत ते अस्थिरोग विभागाचे डॉ. थाक सांग-हून सर, सरांच्या पत्नी, माझ्या वॉर्डातल्या सगळ्या ताया, आणि ऑयस्टरचा हंगाम ऐन भरात असताना हातातलं काम टाकून आलेले पेशंट आणि त्यांचे घरचे लोक, सर्वांना माझा नमस्कार.

मी युन सो-दाम, अस्थिरोग वॉर्डातली परिचारिका. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच, आणि एवढ्या मोठ्या सभेत बोलायची वेळही पहिलीच. सरांनी बसवलेल्या खुब्याच्या कृत्रिम सांध्यांवर आज हे गाव चालतं, असं आधीच्या वक्त्यांनी सांगितलं. ते खरंच आहे. पण काल सरांनी मला बोलावून सांगितलं, "चालणाऱ्यांचं सगळे बोलतील. तू बोंग-न्यो आजींचं बोल. ते जमणार नसेल तर नुसती फुलं दे आणि खाली बस."

अध्यक्ष महोदय, आपल्याला हा विषय आवडणार नाही याची मला कल्पना आहे. तरीही परवानगी गृहीत धरते.

कू बोंग-न्यो आजी बंदराजवळच्या शेडमध्ये शिंपल्यांतून ऑयस्टर सोलून काढायच्या. सगळं काम उभ्याने. खुबा झिजला, उभं राहवेना, तेव्हा लेक म्योंग-ओक ताई त्यांना आपल्याकडे घेऊन आल्या. आजींनी सरांना एकच प्रश्न विचारला, "पुन्हा उभं करशील का रे बाबा?" सर म्हणाले, "करीन."

ऑपरेशनच्या आधी आम्ही पेशंटला सांगायचो, आदल्या दिवशी अंघोळ करून स्वच्छ होऊन या. आता आपल्यापैकी कुणालाही विचारा, स्वच्छ म्हणजे काय? आपल्याकडे नुसत्या साबणाने कुणी स्वच्छ होतं का? गावच्या सार्वजनिक न्हाणीघरात जायचं, गरम पाण्यात मुरायचं, मग खरखरीत कापडाने मळाच्या वळ्या निघेपर्यंत अंग घासायचं. म्योंग-ओक ताई आईला घेऊन तिथेच गेल्या. नंतर त्यांनीच मला सांगितलं, आई म्हणत होती, "अगं, जोरात घास. तो मोठा डॉक्टर माझी मांडी बघणार. काय म्हणेल, म्हातारी कधी न्हाली होती की नाही?" आणि लेक म्हणाली, "आई, तो हाड बघायला येतोय, तुला मागणी घालायला नाही." दोघी खूप हसल्या होत्या.

ऑपरेशन उत्तम झालं. आजी दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभ्या राहिल्या आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईंना चिडवू लागल्या. पण जखम कोरडी होईना. पट्टी बदलली की पुन्हा ओली. मग ताप आला. सरांनी जखम पुन्हा उघडली, धुतली, सांध्याचे बदलता येणारे भाग बदलले. शिरेतून औषधं सुरू होती. ज्यांच्या घरी हे घडलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते, जंतू एकदा धातूला चिकटून थर धरून बसले की औषध त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही. शेवटी बसवलेला सांधाच काढावा लागला. त्या जागी औषध मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता तुकडा ठेवला. जंतू गेल्याची खात्री झाली की नवा सांधा बसवायचा, असं ठरलं.

जंतू कोणते होते? तुमच्या-माझ्या कातडीवर रोज असतात तेच. कातडी खरचटली की त्यांना आत शिरायला वाट मिळते.

त्या दिवसांत म्योंग-ओक ताईंनी मला विचारलं, "मी घासलं म्हणून झालं का गं हे?" मी तो प्रश्न सरांना जाऊन सांगितला. सर म्हणाले, "टेबलावर तिच्या मांडीवर बारीक ओरखडे होते. मी पाहिले होते. भूल दिली होती, बाई कधीची वाट बघत होती. म्हटलं, एवढ्याशाने काय होतं."

सर हे घरच्यांना सांगणार आहेत, हे कळल्यावर वरून निरोप आला. अध्यक्ष महोदय, तो आपलाच होता, आणि आपल्या जागी तो योग्यही असेल. "ओरखड्यांमुळेच झालं याची खात्री आहे का? नाही ना? मग बोलता कशाला?"

सर म्हणाले, "खात्री नाही म्हणूनच. मी गप्प बसलो, तर ती पोरगी जन्मभर स्वतःलाच धरून बसेल."

आजींना नवा सांधा बसवायची वेळ आलीच नाही. त्यांना मधुमेह होता, अंगात ताकद राहिली नव्हती. जंतू रक्तात गेले आणि आजी गेल्या. अंत्यविधीच्या खोलीत सर फोटोसमोर दोनदा लवले, मग म्योंग-ओक ताईंसमोर गुडघे टेकून बसले. मी तिथे होते.

"आईला तुम्ही न्हाऊ घातलंत, त्यात तुमची काही चूक नाही," सर म्हणाले. "‘स्वच्छ होऊन या’ असं आम्ही सांगितलं. मी याच गावच्या न्हाणीघरात लहानाचा मोठा झालो. तुम्ही काय कराल, ते मला कळायला हवं होतं. आणि ओरखडे दिसल्यावर मी थांबायला हवं होतं."

"थांबला असतात तर आई वाचली असती?"

"माहीत नाही. पण मी थांबलो नाही. मला क्षमा करा."

ताई म्हणाल्या, "नाही करणार. पुढच्या बाईला नीट सांगा, एवढं करा."

तेव्हापासून आपल्या वॉर्डात पेशंटला सगळं फोड करून सांगितलं जातं. ऑपरेशन ठरलं की अंग घासणं बंद, घरी वस्तरा लावणं बंद. दिलेल्या औषधी साबणाने हलक्या हाताने धुवा. दात किडला असेल, साखर वाढली असेल, तर आधी ते बघू. कुठे ओरखडा, पुरळ असेल तर लपवू नका, आम्ही तारीख पुढे ढकलू. घरी गेल्यावर जखम ओलसर दिसली तर डॉक्टरांना कशाला त्रास, असं म्हणू नका. त्याच दिवशी या.

बायकांच्या न्हाणीघरात सरांना जाता येत नाही, म्हणून त्यांनी मला पाठवलं. मी गणवेश घालून आत उभी. अंग घासून देणाऱ्या मावशी ओरडल्या, "ए पोरी, इथे कपडे घालून कोण येतं? आधी उतरव, मग शिकव." मी उतरवले आणि शिकवलं. आता गिऱ्हाइकाला आडवं करण्याआधी त्या स्वतःच विचारतात, ऑपरेशन आहे का?

म्योंग-ओक ताईंना आजचं आमंत्रण मी घरी जाऊन दिलं. त्या न्हाणीघरात ताई परत कधी गेल्या नाहीत. म्हणाल्या, "सर वाईट नाहीत, मला माहीत आहे. तरी मी येणार नाही."

सर, भाषणाच्या शेवटी आम्ही सगळे सहज क्षमा मागतो, आणि सभा ती टाळ्या वाजवून देऊन टाकते. तुम्ही ती जिथे मागितलीत तिथे मिळाली नाही, आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी पट्ट्या बघायला वॉर्डात आलात. आज तुमच्या वतीने ती मागायचा मला अधिकार नाही. मी फक्त माझ्यापुरतं बोलते. माझ्या बोलण्याने कुणाचं मन दुखावलं असेल, मानपानात काही उणं राहिलं असेल, तर लहान समजून सांभाळून घ्या. आपण शांतपणे ऐकलंत, मी आपली आभारी आहे.