कुलपातली साखर

स्कॅनच्या आधीच्या खोलीत मी माझ्या नंबरची वाट बघत होते. समोर एक नवरा-बायको बसले होते आणि सिस्टर बायकोसाठी इंजेक्शन भरत होती.

"सिस्टर, यात नक्की काय आहे हो?"

"साखरच समजा, काका. थोडी किरणोत्सारी. गाठीच्या पेशी अधाशासारखी साखर ओढतात, मग तेवढी जागा स्कॅनमध्ये उजळते."

"थांबा, थांबा! साखर? अहो, तीन महिने मी घरातली साखर कुलपात ठेवलीय! फळं बंद, दूध बंद. गाठीला उपाशी मारायचं म्हणून!"

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला हवं? तीस वर्षं कारखान्याचा बॉयलर सांभाळलाय. जळण तोडलं की आग विझते."

"काका, पोटात काही गेलं नाही, तरी शरीर आपली साखर बनवतं. अंगातलं मांस मोडून. गाठीला ती मिळतेच. वजन किती उतरलं यांचं?"

"अकरा किलो... मला वाटलं, गाठ आटतेय."





"डॉक्टरांना सगळं सांगा आजच. आता तुम्ही बाहेर बसा. आणि मावशी, सुई टोचल्यावर तासभर हलायचं नाही, बोलायचंही नाही."

"मग आधीच बोलून घेते. अहो, त्या कुलपाची दुसरी किल्ली माझ्याकडे होती. पहिल्या दिवसापासून."

"काय? मग खाल्लं का नाहीस गं काही?"

"दर रविवारी वजनकाटा बघून तुम्ही इतके खूश व्हायचात."